ज्वारीच्या पिठाचा आयरिश सोडा ब्रेड: गहू नसताना ब्रेड फुलतो कसा

सेलिअ‍ॅक आजार, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन शरीराला न चालण्याचा आजार, असलेल्या माणसाचं मराठवाड्यात जेवण अडत नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं, वरण-भात, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, यांतल्या कशालाच गहू लागत नाही. अडतं ते दुसरीकडे. शाळेत शेजारच्या डब्यात सँडविच असतं, प्रवासात चहाबरोबर टोस्ट येतो, वाढदिवसाला केक कापला जातो आणि दर वेळी त्या पोराला "तुला हे चालत नाही" असं सांगावं लागतं. ग्लुटेनमुक्त ब्रेड मोठ्या शहरात मिळतो, पण महाग असतो, आणि तालुक्याच्या गावात तो शोधूनही सापडत नाही. म्हणजे ब्रेड घरीच करावा लागणार. मग कोणता करायचा? माझं उत्तर ठाम आहे, आयर्लंडचा सोडा ब्रेड. ग्लुटेनची गरज ज्याला मुळातच सगळ्यात कमी असते, असा हा पाव आहे. शिवाय त्याला लागणारी पिठं, दही आणि सोडा आपल्या फळीवर आधीपासूनच आहेत.

ग्लुटेनचं काम काय

गव्हाच्या पिठात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन या नावांची प्रथिनं असतात. पीठ पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि ताणलं तर ताणणारी, सोडलं तर आखडणारी जाळी तयार होते. पोळी कागदासारखी पातळ लाटली तरी फाटत नाही, ती या जाळीमुळेच. बेकरीच्या पावात ही जाळी आणखी मोठं काम करते. यीस्ट तासन्‌तास हळूहळू कार्बन डायऑक्साइड सोडत राहतं आणि पाव भट्टीत जाऊन घट्ट होईपर्यंत तो वायू कुणीतरी धरून ठेवावा लागतो. ग्लुटेन तो धरून ठेवतं. त्याच्याशिवाय यीस्टचा पाव फुगतो आणि भट्टीत जाण्याआधीच बसतो.

ज्वारीतही प्रथिनं आहेत, १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम. पण त्यांतलं मुख्य प्रथिन, काफिरिन, दाण्यात सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात बंद असतं. पाणी घालून कितीही मळलं तरी त्याची जाळी होत नाही. म्हणूनच भाकरी लाटत नाहीत, थापतात.

सेलिअ‍ॅक आजारात ग्लुटेनचे न पचलेले तुकडे लहान आतड्यात पोहोचले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणाऱ्या तिथल्या बारीक लवा झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, पोट फुगतं. कुणाचं रक्त लोहाच्या गोळ्या घेऊनही वाढत नाही. कुणा मुलाची उंचीच खुंटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी याचं मूळ गव्हात असल्याचं दाखवून दिलं. गव्हाबरोबर जव आणि राय (rye, मोहरी नव्हे) ही धान्यंही या आजारात वर्ज्य आहेत. औषध नाही, आयुष्यभराचं पथ्य हाच उपाय.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. पोटाचा त्रास आहे म्हणून स्वतःच गहू सोडून देऊ नका. आधी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्या. गहू खाणं बंद केल्यावर तपासणी केली तर रक्तातली प्रतिपिंडं उतरलेली असतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

आयर्लंडनं हा ब्रेड का घडवला

आयर्लंडच्या दमट, थंड हवेत पिकणारा गहू मऊ असतो, त्यात प्रथिनं कमी असतात. यीस्टच्या उंच पावाला लागते तशी मजबूत जाळी त्यातून होत नाही. एकोणिसाव्या शतकात, १८३०च्या दशकापासून पुढे, खाण्याचा सोडा तिथल्या घरांत पोहोचू लागला. घरोघरी लोणी काढलं जायचं, त्यामुळे ताक मुबलक होतं. खेड्यातल्या बहुतेक घरांत भट्टी नव्हती, पीट नावाचं दलदलीतलं मातीसारखं इंधन वाळवून जाळायची शेगडी होती. त्या शेगडीवर जड बिडाचं भांडं टांगायचं, आत ब्रेडचा गोळा ठेवायचा, झाकण लावायचं आणि झाकणावरही निखारे पसरायचे. अशा रीतीनं मऊ गहू, सोडा, ताक आणि मीठ एवढ्या चार वस्तूंचा पाव रुजला. मनुका आणि साखर घालतात तो त्याचा गोड, सणासुदीचा प्रकार.

हा ब्रेड मळत नाहीत, हे आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. मळला तर चिवट होतो. पीठ आणि ताक जेमतेम एकत्र करायचं, गोळा करायचा, वर सुरीनं खोल फुलीची चीर द्यायची आणि लगेच भाजायला ठेवायचं. पऱ्यांना बाहेर पडायला वाट मिळावी म्हणून ही चीर, अशी तिकडे एक समजूत आहे. भाजणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र त्या चिरेतून उष्णता मधल्या भागापर्यंत पोहोचते आणि ब्रेड हवा तिथेच उकलतो. सोड्याचा वायू काही मिनिटांतच तयार होतो आणि तेवढ्यात भांड्याच्या उष्णतेनं कड धरू लागते. वायू तासन्‌तास सांभाळायचा नसतो, थोडाच वेळ धरायचा असतो. तेवढं काम ग्लुटेनशिवायही करता येतं.

सोडा आणि दह्याचा हिशेब

बहुतेकांचा ब्रेड इथे बिघडतो, म्हणून इथे जरा थांबू या.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. दही-ताकातलं आम्ल म्हणजे लॅक्टिक आम्ल. रसायनाचा हिशेब असा की ८४ ग्रॅम सोडा पूर्ण फिटायला ९० ग्रॅम लॅक्टिक आम्ल लागतं, म्हणजे जवळजवळ वजनास वजन. चांगल्या आंबट दह्यात साधारण १ टक्का लॅक्टिक आम्ल धरा. यातून स्वयंपाकघरात वापरता येईल असा सोपा नियम निघतो: १०० ग्रॅम आंबट दह्याला १ ग्रॅम सोडा. सपाट छोटा चमचाभर सोडा सुमारे ५ ग्रॅम भरतो.

आता परदेशी कृतीत "चमचाभर सोडा आणि दोन कप ताक" लिहिलेलं असतं आणि आपण आपलं नेहमीचं ताक घेतो. आपल्या ताकात निम्म्याहून जास्त पाणी असतं. तेवढं आम्लही कमी. मग सोडा उरतो, उष्णतेनं त्याचं सोडियम कार्बोनेट होतं आणि ब्रेडला साबणासारखी चव येते, कापल्यावर पिवळट-तपकिरी ठिपके दिसतात. तो ब्रेड कुणालाच आवडत नाही आणि दोष उगाच ज्वारीवर जातो. म्हणून ताक नको, दही घ्या. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात दही एका दिवसात हवं तेवढं आंबतं. थंडीत ते गोडच राहतं, तेव्हा दोन दिवस आधी विरजण लावून बाहेरच ठेवावं. वर मोठा चमचाभर लिंबाचा रस घातला तर आणखी सुमारे १ ग्रॅम सोडा फिटतो.

साडेतीन ग्रॅम सोडा पूर्ण फिटला तर त्यातून जवळजवळ एक लिटर वायू निघतो. बराचसा उडून जातो, पण राहतो तेवढा पुरतो. यावरून घाई का करायची तेही लक्षात येईल: सोडा ओल्या पिठाला लागला की घड्याळ सुरू झालं. ओव्हन आधीच तापलेला हवा.

पापडखार यात चालत नाही. तो मुळातच सोडियम कार्बोनेट आहे, त्यातून ब्रेड फुलण्याजोगा वायू मिळत नाही आणि साबणाची चव मात्र येते. बेकिंग पावडर वेगळी वस्तू. तिच्यात आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे दह्याचा वरचा हिशेब तिला लागू होत नाही.

विरी

जुन्या पिठाची विरी, म्हणजे गोळा धरून ठेवणारा चिकटपणा, जाते, हे भाकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. दळून दिवस झालेलं पीठ भिजवलं की गोळा धरत नाही, थापताना कडा फुटतात. तेव्हा ती काय करते? आधण ठेवते. उकळतं पाणी पिठात घालते, जरा वेळ झाकते आणि मग मळते. भाकरी नीट येते.

यामागचं विज्ञान थोडक्यात असं. ज्वारीतल्या स्टार्चच्या कणांना सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि त्यापुढे भरपूर पाणी मिळालं की ते फुगतात, फुटतात आणि चिकट खळ तयार होते. ही खळ उरलेलं पीठ बांधून ठेवते. ग्लुटेनमुक्त ब्रेडमध्ये नेमकी हीच युक्ती कामाला येते. एकूण पिठातलं थोडं पीठ आधणात उकडून घेतलं तर ते पाणीही धरतं, वायूही धरतं, आणि ज्वारीचा रवाळपणाही कमी होतो. परदेशी कृतींत बांधणीसाठी झँथन गम सांगतात. तो मिळाला तर वापरा, पण उकड आणि इसबगोल यांवर माझा जास्त भरवसा आहे. इसबगोलाची भुशी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. पाण्यात पडली की ती स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून जेलीसारखी होते आणि ग्लुटेनच्या ताणाची बरीचशी उणीव भरून काढते. भुशी साधीच घ्या. साखर आणि संत्र्याचा स्वाद घातलेली पावडर नको.

ज्वारी आणि आंबट ताक ही जोडी आपल्याला नवी नाही. लातूर, धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात आंबील घेऊन जातात, ती ज्वारीचं पीठ आणि ताकाचीच. दह्याच्या आंबटपणात ज्वारीची चव खुलते, आणि हा ब्रेड मला तिथेच आपला वाटतो. शाळूची पांढरी, टपोरी मालदांडी घेतली तर रंग उजळ येतो आणि चव गोडसर लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सहभागातून २०१८ मध्ये आलेलं 'परभणी शक्ती' हे वाण लोह आणि जस्त जास्त असलेलं आहे. ज्यांचं रक्त कमी राहतं अशा सेलिअ‍ॅक रुग्णांच्या घरी ते पेरलं, खाल्लं जावं असं मला मनापासून वाटतं.

खरा धोका गिरणीत आहे

ज्वारीत ग्लुटेन नाही. पण गिरणीतून आणलेल्या ज्वारीच्या पिठात ते असू शकतं. गिरणीवाला आधी कुणाचा तरी गव्हाचा डबा दळतो, मग त्याच दगडांवर तुमची ज्वारी. दगडाच्या फटींत, पिठाच्या कापडी पिशवीत, हवेत उडणाऱ्या धुळीत गहू असतो. पहिलं किलोभर पीठ वेगळं काढलं तरी बाकीचं निर्धोक झालं असं म्हणता येत नाही. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, ही मर्यादा भारतातही आहे. वीस मिलिग्रॅम म्हणजे चिमटीत धरण्याइतकीही कणीक नव्हे.

म्हणून ज्या घरात सेलिअ‍ॅकचा रुग्ण आहे तिथे घरघंटीवरचा खर्च मी चैनीत धरत नाही. तिच्यात गहू कधीच टाकायचा नाही, पाहुणे आले तरी नाही. घरघंटी परवडत नसेल तर आजीच्या काळचं, पण गहू कधीच न दळलेलं जातं नीट धुऊन, घासून, वाळवून वापरात आणता येतं. आठवड्याला दोन ब्रेड आणि भाकरी एवढं पीठ त्यावर निघतं, फक्त कष्ट आहेत.

दळण्याआधीचीही एक पायरी आहे. रब्बीची ज्वारी आणि गहू आगेमागेच काढणीला येतात, तेच मळणीयंत्र दोन्हीवर चालतं, मोंढ्यात तीच पोती फिरतात. त्यामुळे ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतातच. ज्वारी गोल, गहू लांबट, दोन्ही चटकन ओळखू येतात. ताटात थोडी थोडी पसरून निवडा, धुवा, कडक उन्हात वाळवा, मग दळा. तांदळाचंही तसंच.

घरातही नजर ठेवावी लागते. पोळीची परात, पिठाची चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं वेगळी हवीत, कारण लाकडाच्या आणि जाळीच्या छिद्रांत कणीक बसते. डब्यातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, ते पुष्कळांना माहीत नसतं. धपाट्यांच्या पिठात आणि भाजणीत गहू असतो. बाजारचं बेसन आणि ओट्स यांत भेसळ किंवा सरमिसळ होऊ शकते. माल्ट व्हिनेगर जवापासून बनतं, म्हणून या ब्रेडच्या आम्लासाठी लिंबूच बरं.

कृती

निवडून दळलेलं ज्वारीचं ताजं पीठ २०० ग्रॅम घ्या. तांदळाचं पीठ १०० ग्रॅम आणि साबुदाणा कोरडाच दळून केलेलं पीठ १०० ग्रॅम. नुसत्या ज्वारीचा ब्रेड भुसभुशीत होऊन चुरा होतो. तांदूळ त्याला हलकं करतो आणि साबुदाणा थोडा लवचिकपणा देतो. साबुदाण्याऐवजी कॉर्नफ्लोअर चालेल, पाकिटावर गव्हाचा उल्लेख नाही एवढं पाहून घ्या.

ज्वारीच्या पिठातलं ५० ग्रॅम पीठ एका पातेल्यात काढा. त्यावर १५० मिली उकळतं पाणी ओता, डावानं भराभर हलवा आणि कोमट होईपर्यंत झाकून ठेवा. कोमट झाल्यावर त्यात ३०० ग्रॅम आंबट दही, दोन मोठे चमचे तेल किंवा वितळलेलं लोणी आणि १५ ग्रॅम इसबगोल भुशी, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे, घालून फेटा. गुठळ्या राहू देऊ नका. दहा मिनिटांत मिश्रण दाट होईल. उकड गरम असताना दही घालू नका, दही फाटतं. ज्यांना अंडं चालतं त्यांनी एक घातलं तर ब्रेड अधिक बांधून येतो. तेव्हा पाणी १०० मिलीच घ्यावं.

ओव्हन २०० अंशांवर, वरखालच्या दोन्ही कांड्या लावून, पंधरा मिनिटं तापू द्या. तोवर उरलेलं सगळं पीठ, छोटा चमचाभर मीठ आणि सपाट पाऊण छोटा चमचा सोडा, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास, एकत्र करून दोनदा चाळा. चाळणं टाळू नका, सोड्याची गुठळी राहिली तर तेवढा घास कडू लागतो. चवीला जिरं किंवा ओवा घालता येतो. आता कोरडं मिश्रण ओल्यात घाला, वरून मोठा चमचाभर लिंबाचा रस पिळा आणि हातानं भराभर एकत्र करा. गोळा भाकरीच्या पिठापेक्षा सैल आणि हाताला चिकटणारा हवा. कोरडा वाटला तर पाण्याचा हात लावा; ज्वारी जुनी की नवी यावर पाणी थोडं कमीजास्त होतं.

ओल्या हातानं चार-पाच सेंटिमीटर जाडीचा गोल घुमट करा, बटर पेपर घातलेल्या ट्रेवर ठेवा, फुलीची चीर निम्म्या जाडीपर्यंत खोल द्या आणि लगेच आत सरकवा. ४५ ते ५० मिनिटं लागतात. वरचा रंग लवकर गडद होऊ लागला तर शेवटची पंधरा मिनिटं फॉइल झाका. झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका. उलटा करून तळावर बोटानं वाजवा, पोकळ आवाज आला पाहिजे. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९७ अंशांच्या आसपास भरायला हवं.

आणि आता कापू नका. एक तास जाळीवर राहू द्या. गरम असताना आतलं स्टार्च अजून खळीच्याच अवस्थेत असतं. तेव्हा सुरी घातली तर आतून गिचका लागतो आणि ब्रेड कच्चा राहिला असा समज होतो. गव्हाचा पाव गरम कापला तरी एकवेळ खपतो, हा खपत नाही.

ओव्हन नसेल तर

उत्तर आयर्लंडमध्ये हाच ब्रेड तव्यावर करतात. पीठ गोल थापायचं, त्याचे चार भाग करायचे आणि जाड तव्यावर दोन्हीकडून भाजायचे. त्याला सोडा फार्ल म्हणतात. ज्या घरात ओव्हन नाही तिथे मी कुकरच्या खटपटीपेक्षा हाच प्रकार सुचवेन, कारण भाकरीच्या तव्यावर तो हमखास जमतो. वरचंच पीठ घ्या, दीड सेंटिमीटर जाड थापा, चार तुकडे करा. तवा मध्यम तापवून आच अगदी मंद करा, तुकडे ठेवा आणि झाकण घाला. एका बाजूला आठ-दहा मिनिटं, मग उलटून तेवढीच. शेवटी कडा उभ्या धरून भाजा. तवा पोळ्यांचा असेल तर त्यावर जळकी कणीक असते, म्हणून त्याचाही वेगळा तवा ठेवा.

उभा ब्रेडच हवा असेल तर जाड बिडाचं झाकणाचं भांडं आत स्टँड ठेवून दहा मिनिटं तापवा आणि ब्रेडचा डबा त्या स्टँडवर ठेवून मंद आचेवर तासभर भाजा. वरून रंग येत नाही. चुलीची सोय असेल तर झाकणावर निखारे ठेवा, रंग येतो.

टिकवणं

ग्लुटेनमुक्त ब्रेड लवकर शिळा पडतो. थंड झालेलं स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट रचना धरतं आणि पाणी सोडतं, शिळी भाकरी कडक होते ती याच कारणानं. फ्रिजच्या थंडाव्यात उलट ही क्रिया जास्त वेगानं होते, तेव्हा फ्रिजमध्ये ठेवू नका. केल्या दिवशी खायचा तेवढा कापडात गुंडाळून बाहेर ठेवा. उरलेल्याचे काप करा, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर छान राहतात. शाळेच्या डब्यासाठी सकाळी दोन काप काढायचे, तव्यावर लोणी लावून दोन्ही बाजूंनी खरपूस करायचे आणि मध्ये शेंगदाण्याची चटणी पसरायची. डबा पाठवताना वर्गशिक्षकांना एकदा सांगून ठेवा की या डब्यातलं इतरांना वाटलं तरी चालेल, पण इतरांच्या डब्यातलं याला देऊ नये.